तोटीच्या वरचं पाणी

शाळेच्या गणितातल्या टाकीत कधी शेवाळ नसायचं, पाल पडलेली नसायची आणि पाणी जायचं ते फक्त उदाहरणात सांगितलेल्या नळातूनच. एक नळ ती सहा तासांत भरायचा, दुसरा नऊ तासांत रिकामी करायचा. दोन्ही एकदम सोडले की अठरा तास. सगळा वर्ग तासांच्या मागे लागलेला. त्या टाकीत पाणी मावतं किती, हे कुणी विचारलं नाही, कारण गणिताला त्याची गरजच नव्हती.

ही परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त चार झरे एका कुंडात सोडले आहेत. एकेकटा सोडला तर पहिला पूर्ण दिवसात कुंड भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही मिळून दिवसाच्या बाराव्या भागात, म्हणजे पाच घटिकांत. कुंड केवढं, हे तिथेही गुलदस्त्यातच.

पण आचार्य पुढे खातव्यवहाराकडे, म्हणजे खणलेल्या खड्ड्यांच्या गणिताकडे वळतात, आणि तिथे त्यांनी खणणारी माणसं पाहिलेली आहेत हे कळतं. लांबी, रुंदी, खोली सगळीकडे सारखी नसेल तर अनेक ठिकाणी मापं घ्या, बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी मोजलं तितक्यांनी भागा, असं ते सांगतात. वर्तुळाच्या परिघासाठीही त्यांच्याकडे दोन भाव आहेत : सूक्ष्म हवा असेल तर ३९२७ भागिले १२५०, आणि व्यवहाराला २२ भागिले ७ चालेल. मापात थोडं इकडे-तिकडे होणारच, हे साडेआठशे वर्षांपूर्वी मान्य झालं होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीला ते अजून मान्य व्हायचं आहे.

टँकरचं बिल वाढलं तेव्हा आपली जमिनीखालची टाकी नक्की केवढी, असा प्रश्न सभेत निघाला. सेक्रेटरींनी वर दिसणारा स्लॅब टेपने मोजला : दहा बाय आठ. काठी घालून खोली पाहिली : पाच फूट. चारशे घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे ११,३२० लिटर. बारा फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला शहरासाठी धरतात ते १३५ लिटर. रोजचा खर्च ६,४८० लिटर. टाकी पावणेदोन दिवस पुरायला हवी. मग पाणी मुरतं कुठे, असं म्हणून सगळ्यांनी तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, कारण तिथे नवीन बाथटब बसला होता.

वॉचमनमामा दारात उभे होते. ते म्हणाले, “साहेब, एक दिवस जातंय. दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब.” हे त्यांनी टेप न लावता सांगितल्यामुळे इतिवृत्तात आलं नाही.

पुढे टाकी साफ करायला पोरगा आत उतरला, तेव्हा तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. आतून टाकी नऊ बाय सात भरली. भिंती अर्ध्या अर्ध्या फुटाच्या, आणि सेक्रेटरींनी त्यांच्यातही पाणी भरलं होतं. उरले ३१५ घनफूट, म्हणजे नऊ हजार लिटरही नाहीत. त्यात बॉलकॉक स्लॅबच्या अर्धा फूट खालीच पाणी तोडतो. तो तोडणारच, नाहीतर टाकी अंगणात वाहील. आणि तळाशी फुटव्हॉल्व्ह अर्धा फूट उचलून बसवलेला. तोही बरोबर, नाहीतर पंप गाळ ओढेल. वापरायला राहिलं चार फूट पाणी : सात हजार शंभर लिटरच्या आसपास. भागिले रोजचा खर्च. एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब.

बाथटबवाल्यांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना पेढे दिले.

मला यात चूक कुणाची दिसेना. सेक्रेटरींचा गुणाकार बरोबर होता. फक्त त्यांनी टाकी मोजली आणि मामांनी पाणी मोजलं. टाकीला तीन मापं असतात, पण पाण्याला आणखी दोन : वर ते कुठे थांबतं आणि खाली ते कुठून निघतं. मधलं तेवढं आपलं.

ही गोष्ट आमच्या फाटकाशी संपत नाही. सोलापूर जिल्ह्यातलं भीमेवरचं उजनी धरण घ्या. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. आमचे काका हे ऐकून टेप खिशात घालतील. पण त्या ११७ पैकी ६३ हून जास्त टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून अधिक धरण फुटव्हॉल्व्हच्या खाली! टक्केवारी मोजायची ती वरच्या उपयुक्त साठ्याची. त्यामुळे चांगल्या पावसात उजनी शंभर टक्क्यांच्याही वर जातं आणि कडक उन्हाळ्यात उणे टक्क्यांत. समोर पाणी दिसत असतं आणि पेपरात ते शून्याच्या खाली छापलेलं असतं. मग दुबार पंपिंग लावून तेच पाणी उचलतात. मृत म्हणून नोंदलेल्या साठ्यावर जिवंत माणसांचे हंडे भरतात, आणि व्याकरण बिचारं काठावर बसून राहतं.

काकांनी पुढच्या सभेत सूचना मांडली : टाकीवर खरा आकडा रंगवून घ्यावा, ‘वापरण्यायोग्य ७,१०० लिटर’. सेक्रेटरींनी हरकत घेतली. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक बघायला येतं, त्याला उगाच सात हजार कशाला दाखवायचे? चर्चा झाली. शेवटी ‘क्षमता ११,३२० लिटर’ असं मोठ्या निळ्या अक्षरांत लिहायचं एकमताने ठरलं, आणि त्याच ठरावात रोज सकाळचा टँकरही मंजूर झाला.