कॅरेजकाका

कॅरेजकाकांच्या नव्या गाडीचं छत गळायचं, ही हुबळीच्या विद्यानगरात आता बातमी राहिलेली नाही. किम्स रुग्णालयासमोरच्या चहाच्या गाड्यांपासून उणकल तळ्यावर सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांपर्यंत सगळ्यांना ती पाठ आहे. लोकांना कळत नव्हतं ते एवढंच, की सिलिकॉनच्या एका ट्यूबनं जे थांबायला हवं होतं ते इतके दिवस थांबत का नव्हतं. उत्तर सोपं आहे. काका थांबू देत नव्हते.

काका हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झाले, तेही कॅरेजच्या बाजूनं. वर्कशॉप सदर्न मराठा रेल्वेच्या काळातलं, आणि काकांची शिस्तही साधारण तेव्हाचीच. डब्याचा पत्रा कुठे कुजतो, छतावरच्या व्हेंटिलेटरच्या कडेनं गंज कसा धरतो, यावर ते लग्नाच्या पंगतीतही बोलू शकतात. "अरे, डब्याला शॉवर टेस्ट देतात. वरून फवारा, बाजूनं फवारा, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. थेंब दिसला की डबा परत!" एवढं सांगून ते थांबतात. आत उभा असायचा तो माणूस कोण, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं.

अशा माणसानं निवृत्तीनंतर कॅम्परव्हॅन घ्यावी आणि तीसुद्धा वर उचलायच्या छताची, हे त्याच्या पत्रिकेतच असणार. गाडीच्या टपाला मोठं भोक, त्यावर फायबरचं झाकण. झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं. कड्या सोडल्या की गॅसच्या दांड्या त्याला पुढून वर ढकलतात, मधे कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात आणि दोन माणसं झोपतील एवढा माळा तयार होतो. बिजागरी, शिवण, चेन, रबर, स्क्रू... पाण्यानं आत यायच्या जेवढ्या वाटा माणसाला सुचल्या तेवढ्या सगळ्या एका जागी. काका त्या बोटांवर मोजून दाखवतात, आणि मोजताना त्यांचा चेहरा खुलतो.

कागदपत्रांत मात्र एक थेंब शिरायला जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. तेव्हापासून परस्पर टप कापून घेणाऱ्यांची काकांना कीव येते. त्यांची गाडी मोटर कॅरॅव्हॅन म्हणूनच मंजूर होऊन आलेली. ते मंजुरीपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट डॅशबोर्डच्या खणात. गाडीतली खात्रीनं कोरडी राहणारी वस्तू तेवढी एकच.

पहिला वळीव एप्रिलात आला. काका-काकू दारातच, गाडीच्या माळ्यावर मुक्कामाचा सराव करत होते. मध्यरात्री काकूंच्या पायावर थेंब पडला. काकू उठल्या, उशी उचलली आणि घरात गेल्या. त्यानंतर त्या गाडीत झोपायला गेलेल्या नाहीत. काका मात्र टॉर्च घेऊन पहाटेपर्यंत आत बसले होते. दूधवाल्यानं पाहिलं तेव्हा ते भिजलेले होते, आणि दूधवाल्याच्या सांगण्याप्रमाणे फार खुशीत होते.

सकाळपासून सल्ले सुरू झाले. विद्यानगरात ज्याच्या घराचा स्लॅब गळत नाही असा माणूस मिळणं कठीण, त्यामुळे प्रत्येकाकडे आपापला उतारा तयार. एकानं एम-सील सांगितलं, दुसऱ्यानं डांबर, तिसऱ्यानं अख्ख्या गाडीवर ताडपत्री. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं नुसतं वर पाहिलं आणि "एन आगूदिल्ल बिड्री" म्हणून, म्हणजे काही होत नाही, सोडा, असा दिलासा देऊन टाकला. काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि एकच वाक्य ऐकवलं. "आधी कारण, मग उपाय."

हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं आहे. अडचण अशी की काकांच्या हिशेबात पहिला भाग कधी पुरा होतच नाही.

आधी त्यांना संशय आला तो श्वासाचा. बंद जागेत दोन माणसं झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ गार झाकणाला आतून धरते आणि थेंब होऊन पडते. थंड देशांतले गाडीवाले याला हमखास गळती समजतात, म्हणे. काकांनी कोरड्या रात्री एकट्यानं झोपून पाहिलं. थेंब नाही. शंका उरू नये म्हणून काकूंना बोलावलं. "माझ्या श्वासानं गाडी गळते असं सिद्ध करायचं असेल तर मी मुळीच येत नाही," असं स्वयंपाकघरातून उत्तर आलं. ती शक्यता काकांच्या वहीत अजून उघडीच आहे.

मग कॅनव्हास. इथे काका थेट इंग्लंडात शिरले. तिथे फोकस्टन गावी मार्टिन वॉल्टर नावाच्या कंपनीनं १९५०च्या दशकात डॉर्मोबिल गाड्या काढल्या, उचलायच्या छताला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड लावून. जर्मनीत वेस्टफालियावाल्यांनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाडीत झोपायची सोय केली. "बाराही महिने पावसात राहणारे लोक वेडे आहेत का?" काका विचारतात. सुती कॅनव्हास नवा असला की आधी भिजवून वाळवायचा असतो. सुताचा दोरा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. हे ऐकून काकूंनी प्रथमच या प्रकरणात रस घेतला. "म्हणजे नवा माठ मुरवतात तसंच की!" त्यांच्या मते हे कळायला फोकस्टनला जायची गरज नव्हती. कापड भिजवलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं. शिवण बंद झाली. थेंब चालू राहिला.

त्यानंतरचा प्रयोग कुंकवाचा. गळतीचं पाणी जिथे शिरतं तिथे कधीच पडत नाही. चौकटीच्या आतून, वायरच्या कडेनं, फोमच्या मागून फिरत फिरत भलत्याच जागी टपकतं. तेव्हा सगळ्या सांध्यांवर कोरडं कुंकू भुरभुरायचं आणि ओघळ कुठून निघतो ते पाहायचं, ही काकांची युक्ती खरोखर अव्वल होती. फक्त त्या दिवसापासून हुबळीत पाऊस पडायचा बंद झाला. धारवाडला मात्र रोज झड. वीस किलोमीटरवरचं जुळं शहर, पण ते मलनाडच्या कडेचं आणि आपण मैदानाच्या. कुंकू लावलेली गाडी घेऊन काका पी. बी. रोडनं पावसाच्या शोधात धारवाडला निघाले. वाटेत चिगरी बसमधून लोक वाकून पाहत होते. सिग्नलला एका बाईंनी तर हातच जोडले. नवलूर गेलं आणि धारवाडचा पाऊस थांबला. काका पेढे घेऊन परत आले.

गाडीला छत बसवणाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. परगावच्या त्या कारखान्यात गाडी नेली. तिथल्या मुलानं तासभर पाइपनं पाणी मारलं, आत एक थेंब नाही. तज्ज्ञापुढे दुखणं थांबतं हा नियम दातांना लागू आहे तसा छतांनाही आहे. गाडी घरी आली, रात्री पाऊस आला, थेंब त्याच जागी. काकांनी फोन लावला, की पलीकडून "नाळी बर्री", उद्या या. कर्नाटकात पूर्वी भुतानं दार वाजवू नये म्हणून दारावर 'नाळे बा' लिहून ठेवत. भूत बिचारं रोज वाचून उद्या यायचं ठरवत परत जायचं. काकांची गणना आता त्या भुतात झाली होती, पण भुतापेक्षा त्यांची चिकाटी मोठी.

शेवटी कोडं सुटलं ते एका ताडपत्रीवाल्याकडून. हुबळी लॉऱ्यांचं गाव. विजय संकेश्वरांनी १९७६ मध्ये एका लॉरीवर धंदा सुरू केला तो गदगला, पण तो पसरला इथूनच. लॉऱ्या आल्या की ताडपत्र्या आल्या, आणि ताडपत्र्या शिवण्यात जन्म घालवलेली माणसंही. असे एक म्हातारे आजोबा काकांकडे चेन बदलायला आले होते. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. गेटातल्या रॅम्पकडे पाहिलं. गटारावरून चढत आत येणारा रॅम्प, गाडीचं तोंड घराकडे, म्हणजे नाक वर आणि पाठ खाली. झाकणावरचं सगळं पाणी धावत मागच्या बिजागरीवर येऊन साचणार. तिथे त्यांनी बोट घातलं. कोपऱ्यातली कॅनव्हासची चुणी रबराखाली चिमटून बाहेर डोकावत होती. वात तेल ओढते तशी ती रात्रभर पाणी आत ओढत होती. कारखान्यातल्या सपाट फरशीवर पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जायचं, चुणीपर्यंत पोचायचंच नाही. आजोबांनी चुणी आत दाबली आणि म्हणाले, "गाडी तिरगिसि निल्लसरी." उलटी लावा. पैसे फक्त चेनचे घेतले.

त्या रात्री पाऊस मुसळधार झाला आणि गाडी कोरडी ठणठणीत राहिली. काकूंनी सकाळी गोडाचा शिरा केला. काकांनी तो खाल्ला, पण मन लागेना. "दोन गोष्टी एकदम बदलल्या," ते मला म्हणाले. "चुणी दाबली आणि गाडीही वळवली. आता कशामुळे थांबलं ते कसं कळणार?" दुपारी त्यांनी गाडी पुन्हा नाक वर करून लावली. मग चुणी बाहेर काढली आणि नाक खाली केलं. हे चारही प्रकार झाल्यावरच त्यांनी वहीत 'कारण निश्चित' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली, आणि सवयीनं निरीक्षकाच्या सहीला जागा सोडली.

गाडी यानंतर गोकर्णला जाईल अशी काकूंची समजूत होती. यल्लापूरचा रस्ता, अरेबैल घाट, समुद्र, सगळं ठरलेलं. पण काकांची कीर्ती तोवर पसरली होती. कोणी तरी आपला गळका स्लॅब दाखवायला बोलावलं आणि काका कुंकवाची डबी घेऊन गेले. मग दुसऱ्याकडे. आता आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या छतांवर ओलीच्या डागांभोवती पेन्सिलीच्या रेषा आहेत, प्रत्येक रेषेवर तारीख. डाग वाढतो की नाही ते कळावं म्हणून. कोणालाही वॉटरप्रूफिंग करायची परवानगी नाही, कारण पुरावा झाकला जातो. माझ्याकडे आलेल्या ठेकेदाराला त्यांनी गेटातूनच परत पाठवलं. बिचारा डांबराचा डबा घेऊन आला होता.

मे संपत आला आहे. बायकोनं काल दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन दोन बादल्या आणल्या, निळ्या, चांगल्या मोठ्या. काकांनी त्या उचलून उजेडात धरल्या आणि नापसंतीनं खाली ठेवल्या. "पारदर्शक आणायच्या होत्यास," ते म्हणाले, "पाण्याचा रंग कळला असता."