रेल्वे क्वार्टरमधला कोकीळ

कोकिळेच्या कुळाला घर बांधायची हौस नाही. आपल्याकडची कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते, आणि तिची युरोपातली चुलत भावंडं तर या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या बदनाम आहेत. अशा या पोटभाडेकरू पक्ष्याला जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या लोकांनी हक्काचं घर दिलं. उतरतं छप्पर, वरच्या मजल्याला खास त्याच्या मापाचं दार, दारापुढे वेलबुट्टी. आणि घर तरी कुठलं, तर रेल्वेचं क्वार्टर.

यात थट्टा काहीच नाही. 1850 साली फुर्टवांगेन या डोंगरातल्या गावी बाडेनच्या दरबारानं घड्याळजींसाठी शाळा काढली. पहिले संचालक रोबर्ट गेर्विग हे पेशानं इंजिनिअर, पुढे ब्लॅक फॉरेस्टमधून रेल्वे नेणारे तेच. घड्याळांचं रूप जुनाट झालंय, गिऱ्हाईक टिकवायचं तर काहीतरी नवं हवं, हे त्यांनी हेरलं आणि कलावंतांकडून नमुने मागवले. फ्रीडरिश आयझेनलोर हे वास्तुकार तेव्हा बाडेन रेल्वेच्या इमारती बांधण्यात गुंतलेले. त्यांनी नवं डोकं चालवायच्या भानगडीत न पडता रुळाशेजारी राहणाऱ्या गेटमनचं घर कागदावर उतरवलं आणि त्याच्या पुढच्या भिंतीत तबकडी बसवून दिली. भोवती द्राक्षाचे वेल काढले. शाळेच्या कागदपत्रांत मात्र त्यांची नोंद आयव्हीचे वेल म्हणून झाली. सरकारी कारकून सगळीकडे सारखेच. त्या घरात कोकीळ राहायला आला तो थोड्याच काळात, आणि दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी त्यानं जागा सोडलेली नाही.

हा कोकीळ घड्याळात पहिल्यांदा कुणी बसवला, यावर मात्र मारामारी आहे. ब्लॅक फॉरेस्टमध्ये विचाराल तर शोनवाल्ड गावच्या फ्रान्झ आंटोन केटरर यांचं नाव घेतात, काळ साधारण 1730च्या आसपासचा सांगतात. पण 1629 सालीच फिलिप हाइनहोफर नावाच्या आउग्सबुर्गच्या गृहस्थानं सॅक्सनीच्या दरबारातलं कोकीळवालं घड्याळ पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. 1650 मध्ये आथानासिउस किर्शर या विद्वान पाद्रीबुवांनी आपल्या संगीतावरच्या ग्रंथात यांत्रिक कोकीळ कसा बोलतो, हेही समजावून दिलं. म्हणजे केटररबुवांच्या आधी शंभर वर्षं कोकीळ ओरडत होता. तरीही केटररांचं नाव काही पुसलं जात नाही. गावाला मूळपुरुष लागतोच, आणि तो दुसऱ्या संस्थानातून उसना आणून चालत नाही.

कोकिळाच्या आधी ब्लॅक फॉरेस्टची शान होती ती रंगवलेल्या पाट्यांची घड्याळं. सतराव्या शतकापासून इथले शेतकरी हिवाळ्यात घरात बसून लाकडी चाकांची घड्याळं करत. सुरुवातीच्या घड्याळांना एकच काटा असायचा आणि वजन म्हणून दोरीला चक्क दगड बांधलेला असायचा. मिनिटाचा हिशोब ठेवायला गाईंची हरकत नव्हती, पण गरजही नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी फळीवर खडू-सरसाचा पांढरा थर देऊन, त्यावर फुलं रंगवून, वरून रोगण मारायची पद्धत रुळली आणि घड्याळ एकदम दिवाणखान्यात बसण्याजोगं झालं. त्यावरचा गुबगुबीत गुलाब इतका गोल असायचा की लोक त्याला सफरचंदी गुलाब म्हणू लागले. चौकट करणारा वेगळा, पाटी रंगवणारा वेगळा, साखळी करणारा वेगळा. आणि तयार घड्याळं पाठीवरच्या लाकडी घोडीला बांधून युरोपभर पायी विकणारा आणखी वेगळा. त्यातल्या सर्वांत कमी कौतुक झालेल्या माणसाचं काम सर्वांत कठीण होतं: टिकटिक करणारी डझनभर यंत्रं पाठीवर घेऊन डोंगर उतरायचा, आणि पोचल्यावर ती चालू असल्याचं सिद्धही करायचं.

ही रंगीत परंपरा आजही जगवणारे छोटे कारखाने आहेत. शोनाखमधला रोम्बाख उंड हास हा घरगुती कारखाना 1894 पासूनचा. तिथे जुन्या धाटणीच्या रंगवलेल्या पाट्या होतात आणि त्याच छताखाली गडद गुलाबी, पोपटी, भगव्या रंगांतली सपाट, टोकदार, नव्या वळणाची कोकीळ घड्याळंही होतात. तपकिरी कोरीवकामाची सवय झालेल्या डोळ्यांना ती पहिल्यांदा बघताना ठसका लागतो. परंपरावाद्यांनी कपाळावर हात मारून घ्यावा असा तो रंग असतो, पण तपकिरी रंगाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आजोबांच्या आजोबांनी पाटीवर लालभडक गुलाब रंगवले होते. तपकिरी रंगच नंतर आलेला उपरा आहे.

तपकिरी कोरीवकाम म्हणजे शिकारीचा देखावा. वर बारशिंग्याचं डोकं, खाली उलटा टांगलेला ससा, शेजारी तसाच लटकलेला पक्षी, मध्ये बंदुका आणि ओकची पानं. मराठी पर्यटकांना हे नेमकं आवडतं. युरोप टूरच्या बसेस ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिझेला थांबतात, तिथे घड्याळाचं प्रात्यक्षिक होतं, मग केक होतो, आणि ज्यांच्या घरी कांदा-लसूणही चतुर्मासात वर्ज्य असतो अशी मंडळी मेलेला ससा आणि लटकलेला पक्षी जेवणाच्या टेबलाच्या वर टांगायला घेऊन येतात. बारशिंग्याची शिंगं विमानातच मोडलेली असतात. ती फेव्हिकॉलनं चिकटवायचा सोहळा ठाण्या-पुण्यात घरोघरी पार पडतो, आणि डावं शिंग उजवीकडे लागलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आता आवाजाकडे येऊ, कारण दुरुस्तीच्या दुकानात सगळं येऊन थांबतं ते आवाजापाशी. घड्याळाच्या पोटात दोन छोट्या लाकडी शिट्ट्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक भाता. चाक फिरलं की तारेनं भाता वर उचलला जातो, त्यात हवा भरते, तार सुटली की भाता स्वतःच्या वजनानं बसतो आणि हवा शिट्टीतून बाहेर पडते. आधी उंच सूर, मग खालचा. दोन भाते एकामागून एक बसले की ‘कुक्‌-कू’ पुरं होतं. सोबत हातोडी तारेच्या गुंडाळीवर ठोका देते, एक तार दार उघडते आणि पक्षी मान तुकवतो. खऱ्या कोकिळात गातो तो नरच. इथे गातात ते भाते, नरपक्षी फक्त तोंड दाखवायला बाहेर येतो आणि टाळ्या त्याला मिळतात. नाटक कंपनीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे नवीन नाही.

भात्यांची कातडी किंवा कागद फाटला की अर्धा कोकीळ मुका होतो. वरचा भाता गेला तर फक्त ‘कू’, खालचा गेला तर फक्त ‘कुक्‌’. कारागीर फाटका कागद खरवडतो, नव्याच्या घड्या त्याच रेषांवर पाडतो, पातळ सरस लावतो आणि भाता हातानं दाबून गालाजवळ धरतो. हवा गालाला लागली की कुठेतरी गळतंय हे कळतं. यात घाई केली तर कोकिळाला दमा होतो.

जुन्या घड्याळांची आणखी एक खोड. किती ठोके द्यायचे हे त्यांच्यात एका खाचांच्या चाकावर ठरलेलं असतं. कमी-जास्त अंतरावरच्या खाचा, एकापाठोपाठ एक. चाक काट्यांकडे बघत नाही. कोणी काटे उगाच पुढे-मागे केले की काटे दाखवतात चार आणि पक्षी ओरडतो सात. मग त्याला तारेनं टोचत टोचत सगळे ठोके द्यायला लावून चारवर आणावं लागतं, आणि तोवर शेजारी येऊन विचारतात की तुमच्याकडे बारशाचा कार्यक्रम आहे का. पुढच्या काळातल्या यंत्रांत काट्यांच्याच हालचालीवरून ठोके मोजायची सोय आली आणि या करमणुकीला कात्री लागली. यंत्रातली सुधारणा प्रत्येक वेळी प्रगतीच असते असं नाही.

रोजच्या तक्रारी मात्र भलत्याच साध्या असतात. घड्याळ उलटं धरलं की साखळी चाकावरून निसटते. ते भिंतीवर वाकडं लागलं की ‘टिक टॉक’ ऐवजी ‘टिक… टॉक-टिक… टॉक’ होतं आणि काही वेळानं बंद पडतं. लंबकाच्या दांडीवरचं लाकडी पान वर सरकवलं की घड्याळ पळतं, खाली सरकवलं की रेंगाळतं, आणि घरातल्या दोघांनी गुपचूप एकेकदा सरकवलं तर त्याला काही कळतच नाही. एक दिवसाच्या यंत्राची वजनं रोज वर ओढायची असतात, आठ दिवसांच्याची आठवड्यातून एकदा. ही वजनं देवदारी बोंडांच्या आकाराची बिडाची असतात. सेलवर चालणाऱ्या नकली कोकिळाला यातलं काहीच लागत नाही. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित असतो आणि अंधार झाला की तो आपला आपण गप्प बसतो. ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळजींची संघटना त्याला घड्याळ मानतच नाही: यंत्र संपूर्ण यांत्रिक, आणि त्याचे महत्त्वाचे भाग ब्लॅक फॉरेस्टमध्येच बनलेले असले तरच ती शिक्कामोर्तब करते. सेलवाल्याची जात काढावी तशी ही वागणूक आहे, पण ज्यांनी वीस वर्षं रोज वजनं ओढली त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

स्वित्झर्लंडनं या सगळ्याचं श्रेय फुकट खाल्लं, हा तर ब्लॅक फॉरेस्टवाल्यांचा कायमचा सल. 1949 च्या ‘द थर्ड मॅन’ चित्रपटात ऑर्सन वेल्सनं साकारलेलं पात्र स्विस लोकांच्या पाचशे वर्षांच्या शांततेची कमाई म्हणून कोकीळ घड्याळाचं नाव घेतं. सिनेमा गाजला, जर्मनांच्या नशिबी कपाळावर आठ्या आल्या. मार्क ट्वेनची गोष्ट त्याहून बरी: ल्युसर्नच्या दुकानांत हे घड्याळ ऐकून तो इतका वैतागला की एक विकत घेऊन, ज्याच्याबद्दल मनात खुन्नस होती अशा माणसाला द्यायचं त्यानं ठरवलं.

जर्मनांना मात्र स्वतःच्या आवाजाचं भलतं प्रेम. शोनाखमध्ये योसेफ डोल्ड या घड्याळजीनं 1980 साली माणूस आत शिरेल एवढं कोकीळ घड्याळ बांधून पुरं केलं आणि जगातलं सर्वांत मोठं म्हणून पाटी लावली. पुढे जवळच्या ट्रिबेर्गमध्ये दुसरं उभं राहिलं, त्याचा पक्षीच साडेचार मीटरचा आणि दीडशे किलोचा. आता शोनाखच्या पाटीवर ‘पहिलं’ सर्वांत मोठं असं लिहितात. गणेशोत्सवाच्या मांडवात उंचीवरून वाद घालणाऱ्या मंडळांना हा तोडगा कधी सुचला नव्हता.

भारतात आलेल्या कोकिळाचं दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. आवाज बंद करायला घड्याळाच्या बाजूला किंवा खाली एक बारकी तारेची खिटी असते. रात्री दिवाणखान्यात पाहुणा झोपणार असतो, कोणीतरी ती खाली करतं, पाहुणा सकाळी जातो आणि खिटी तशीच राहते. चार दिवसांनी घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येतं की पक्षी बाहेरच आलेला नाही. जर्मनीहून आणलेली एवढी महागाची वस्तू, म्हणून ती टॉवेलात गुंडाळून, साखळ्या बांधून, रिक्षातून पेठेतल्या घड्याळजीकडे नेली जाते. तो भिंगाचा चष्मा डोळ्यावर चढवतो, पाठीमागचं दार उघडतो, आतल्या भात्यांवर फुंकर मारतो, लंबक दोनदा हलवतो. मग अंगठ्यानं खिटी वर सरकवतो, काही बोलत नाही, दार लावतो आणि पावती फाडत म्हणतो, “यंत्र नाजूक आहे. परवा या.”