सिस्टर, वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा

12 मे उजाडला की परिचारिकांनाही मन असतं, असा साक्षात्कार रुग्णालयांच्या प्रशासनाला होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची जयंती, म्हणून जागतिक परिचारिका दिन. दीपप्रज्वलन, शपथ, एकेक गुलाब आणि मग सभागृहात ‘तणावमुक्ती व जीवनसंतुलन’ या विषयावर व्याख्यान. मॉर्निंगच्या सिस्टर येऊ शकत नाहीत, वॉर्ड कोण बघणार? इव्हनिंगच्या अजून लोकलमध्ये असतात. खुर्च्या तर भरायच्या असतात. मग नाइट करून नुकताच वॉर्डचा ताबा सोपवलेल्यांना बसवतात. पाचव्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटतात आणि वक्त्याला वाटतं, ध्यान लागलं.

या व्याख्यानांतलं ताजं पक्वान्न म्हणजे सकारात्मक मानसोपचार. थट्टा करण्याआधी सांगून टाकतो, हा उपचार टाकाऊ नाही. त्याची दोन घराणी आहेत. पहिलं नोसरात पेसेश्कियान यांचं. जन्म इराणमधला, 1933 चा. कर्मभूमी जर्मनीतलं विस्बाडेन. माणसाचं आयुष्य चार कोपऱ्यांत मांडा, असं त्यांचं म्हणणं: शरीर, काम, माणसं, आणि चौथा कोपरा उद्याचा, म्हणजे स्वप्नं, श्रद्धा, जगण्याचा अर्थ. सगळा जीव एकाच कोपऱ्यात ओतला की बाकीचे तीन कुरकुरू लागतात. दुसरं घराणं अमेरिकेतल्या मार्टिन सेलिग्मन यांचं. झोपण्यापूर्वी आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचं. ड्यूक विद्यापीठाच्या मंडळींनी हाच प्रयोग आरोग्य कर्मचाऱ्यांवर केला: पंधरा दिवस, रोज तीन, एकूण पंचेचाळीस. 2019 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, थकवा कमी झालेला दिसला. छोटासाच अभ्यास होता, पण दिसला.

चला तर मग, आपल्याकडच्या एखाद्या अधिपरिचारिकेचे चार कोपरे भरू.

शरीर. ड्यूटीत स्वच्छतागृहापर्यंत जायला सवड मिळत नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. पायाच्या शिरा फुगलेल्या, कंबर गेलेली. रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 2007 मध्ये तिथे टाकलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. शपथेच्या कागदावर हे छापत नाहीत.

काम. हा कोपरा भरलेला आहे, सांडतो आहे. सलाइन, इंजेक्शनं, टीपीआर चार्ट, डाएट शीट, सामान मागवायचे इंडेंट, शिवाय तपासणी पथक येणार म्हणून फायली. उरलेल्या वेळात रुग्णसेवा.

माणसं. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आणि भाचीचं लग्न रविवारी. रजा मागितली की उत्तर ठरलेलं: ‘बदली तुम्हीच शोधा.’

आणि उद्याचा कोपरा. कंत्राटी सिस्टरचा तो अकरा महिन्यांचा असतो. पुढे नूतनीकरण झालं तर स्वप्नंही नूतनीकृत.

या तक्त्यावर इलाज काय, तर वही. वहीचा एक नमुना मी मनाशी लिहून पाहिला. एक: चौदा नंबरचे आजोबा चालत घरी गेले. दोन: लिफ्ट सुरू होती. तीन: नातेवाईक अंगावर धावून आला, पण हात उचलला नाही. आता तिसरी गोष्ट का घडली? पोलीस केसच्या पेशंटसोबत एक हवालदार योगायोगाने तिथे उभा होता. वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. हवालदार मात्र नशिबावर आहे.

पेसेश्कियान यांची खरी गंमत तर पुढेच आहे, आणि व्याख्यानात नेमकी तीच गाळतात. माणूस आतून पोखरला जातो तो सौजन्य आणि स्पष्टपणा यांच्या ओढाताणीत, असं ते मांडतात. भिडेपोटी गप्प राहायचं आणि गिळलेलं सगळं नंतर डोकेदुखी, पित्त, निद्रानाश होऊन वर यायचं. परिचारिकेला पगार मिळतो तो या जोडीतल्या पहिल्या अर्ध्याचा. ‘डॉक्टर येतायत हं, काका, बसा.’ डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, दोन तास हलणार नाहीत, हे तिला माहीत असतं. खाटा तीस, खाली गाद्यांवर आणखी काही आणि त्या सगळ्यांना मिळून आपण दोघी, हेही माहीत असतं. पण बोलायची सोय नाही. बोललीच, तर मेमो.

म्हणून माझा सल्ला प्रशासनाला: हा उपचार आणताना जरा जपून. चुकून तो लागू पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर अधिसेविकेसमोर उभी राहून शांतपणे सांगेल, ‘मॅडम, आज डबल ड्यूटी करणार नाही. माझा पहिला कोपरा रिकामा आहे.’ मग धावपळ करून पुन्हा जुना, निरुपद्रवी तणावमुक्तीवाला वक्ता बोलवावा लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाने करपून जाण्याची व्याख्या केली, ती अशी: कामाच्या जागेवरचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम. म्हणजे दुखण्याचा पत्ता त्यांनी स्वच्छ लिहून दिला आहे, आपण मात्र पाकीट दरवेळी सिस्टरच्या घरी टाकतो. त्याआधी 2002 मध्ये लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या 168 रुग्णालयांचा हिशेब मांडला होता. एका परिचारिकेवर शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला की रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका करपण्याची 23 टक्क्यांनी. तिचं मन आणि त्याचा जीव एकाच भागाकारात अडकले आहेत. हा भागाकार ध्यानाने सुटत नाही, भरतीने सुटतो.

आणि ज्या बाईंच्या नावाने गुलाब वाटतात, त्या काय करत होत्या? क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या रुग्णालयात सैनिक मरत होते, ते जखमांपेक्षा रोगांनी. स्वच्छता आयोगाने गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू घटले. परतल्यावर नाइटिंगेलबाईंनी आकडे मांडले, रंगीत आकृत्या काढल्या आणि सरकारच्या डोळ्यांसमोर धरल्या. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य. पुढच्यांनी त्यांच्या वारशातला दिवा तेवढा घेतला; गटार आणि हिशेब कुणीच घेतला नाही.

चौथ्या कोपऱ्याबद्दल, जगण्याच्या अर्थाबद्दल, मात्र परिचारिकांना शिकवायला जाऊ नये. मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग या, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, आपल्या सहकारिणीला 1973 पासून 2015 पर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, सांभाळलं. पिढ्या बदलल्या, जिने तिला कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, तीही तिला भरवत होती. तिच्या दयामरणाच्या याचिकेवरील 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिचे खरे निकटवर्ती म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानलं. फुलं वाहताना एक गोष्ट विसरली जाते. हल्ल्यानंतर याच परिचारिका कामाच्या सुरक्षित परिस्थितीसाठी संपावर गेल्या होत्या, आणि पुढे अरुणाला तिथून हलवायचं ठरलं तेव्हा त्यांनी ते आंदोलन करून हाणून पाडलं. सौजन्य आणि स्पष्टपणा, दोन्ही एकाच गणवेशात. कार्यशाळेचं प्रमाणपत्र कुणाकडेच नव्हतं.

कौतुकाची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचं वर्ष ठरवलं होतं. त्या वर्षी करोनाच्या साथीत 22 मार्चला थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर पाकळ्या पडल्या. झाडायला अर्थात मावशीच. त्याआधी, 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये पगार हवा. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला हा आकडा सांगा. ती मोकळेपणाने हसेल. हसणं मनाला चांगलं असतं म्हणतात.

कॅलिफोर्नियात 2004 पासून एका परिचारिकेकडे किती रुग्ण याची कमाल मर्यादा कायद्याने लागू आहे. अतिदक्षता विभागात दोन, सर्वसाधारण वॉर्डात आता पाच. तिथल्या परिचारिका म्हणून सदासुखी झाल्या असं नाही, त्याही संपावर जातात. पण भांडताना हातात आकडा असतो. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहेच: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. तो फायलीत सुखाने झोपतो. त्याला रात्रपाळी नाही.

तेव्हा वह्या वाटण्याऐवजी प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा लावा. रोज तीन वेळा, पाळी बदलली की लिहायचं: आज रुग्ण इतके, सिस्टर इतक्या, निकषाप्रमाणे हव्या होत्या इतक्या. ‘काका, बसा’ म्हणताना तिला नुसतं त्या फळ्याकडे बोट दाखवता येईल. काकांनाही मग कुणावर ओरडायचं ते कळेल. खर्च फळा आणि खडूचा. इंडेंट सिस्टरच भरतील, त्यांना सवय आहे. सही तेवढी साहेबांची लागेल.