खाऊचे पैसे आणि स्वावलंबन

श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनवर पाटी ‘बेलापूर’ची. गाव आपलं, नाव शेजारच्याचं. इथल्या नगरपालिकेच्या स्वायत्ततेचंही तसंच आहे.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय पालिकांसाठी लिहिले गेले: पाणी, रस्ते, दिवाबत्ती, अगदी जनावरांचे कोंडवाडेसुद्धा. कामं खाली उतरली. पैसा मात्र मुंबईत वरच्या पायरीवरच बसून राहिला. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावर रोज हातात पडणारी रोकड बंद झाली आणि बदल्यात आलं सहायक अनुदान. म्हणजे कमावत्या पोराचा पगार बापाने काढून घ्यायचा, महिन्याला खाऊला चार पैसे द्यायचे आणि वर चारचौघांत विचारायचं, “काय रे, स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार?”

तिजोरीत खडखडाट झाला की ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ सुचतात. रिकामी पदं भरायची नाहीत, कंत्राट काढायचं. झाडं लावायला पैसे नसले तर भिंतीवर रंगवायची. त्यांना पाणीही लागत नाही.

काटकसरीची कमाल पुढेच. २०२१-२२पासून मुदती संपत गेल्या आणि राज्यभर नगरपालिकांवर प्रशासक बसले. नगरसेवकांचाच खर्च वाचला! सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर मतदान उजाडलं डिसेंबर २०२५मध्ये.

आता नगरसेवक आहेत. गटार तुंबलं तर त्यांना फोन करा. अनुदानाचा हप्ता तुंबला तर त्यांनी कुणाला करायचा, तेही तेवढं विचारून घ्या.