ग्रॅमशास्त्री

अ‍ॅशबर्नला आमच्या कल-डी-सॅकमध्ये एक घर असं आहे, जिथला स्वयंपाकघरातला वजनकाटा स्वयंपाकाला मिळत नाही. त्या घरात ग्रॅमशास्त्री राहतात. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता व्हिसाच्या कागदांपुरतंच उरलंय.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. तो न्यू जर्सीत असतो, सनीव्हेलला असतो, कोथरूडला तर दर सोसायटीत एक असतो. चहाची किटली घ्यायची तरी तीन आठवडे अभ्यास करतो आणि अभ्यास संपेपर्यंत पातेल्यातला चहा पितो. वस्तू घरी आली की त्याचा निम्मा रस संपतो. उरलेला निम्मा ती परत पाठवण्यात. आमच्या शास्त्रींच्या बाबतीत गेल्या वसंतात ही वस्तू होती प्रस्तरारोहणाचं हेल्मेट. हलकं. शक्यतो दोनशे ग्रॅमच्या आत.

आता हे मूळचे नाशिककडचे. शाळेत असताना हरिहरच्या त्या सरळसोट दगडी पायऱ्या कॅनव्हासच्या बुटांत चढले होते आणि डोक्याला काय होतं, तर आईने बांधून दिलेला पंचा. तो पंचा किती ग्रॅमचा होता याची नोंद नाही. चाळिशी उलटल्यावर, पोट हार्नेसमध्ये मावेल की नाही अशी अवस्था आल्यावर, त्यांना डोक्यावरच्या शंभर ग्रॅमची काळजी वाटायला लागली. मी एकदा भीत भीत सुचवलं, की शास्त्रीबुवा, जिलबी सोडली तर हेल्मेटमध्ये वाचवायचंय त्याच्या वीसपट वजन वाचेल. ते म्हणाले, "पोटाचं वजन मानेवर येत नाही." शास्त्रात हे बसतं, म्हणून मी गप्प बसलो.

नोकरी डेटा सेंटरमध्ये. अ‍ॅशबर्नमध्ये आणखी कुठे असणार? इथे शेतं गेली आणि बिनखिडक्यांच्या, रात्रंदिवस घूं करणाऱ्या इमारती आल्या. जगातलं सत्तर टक्के इंटरनेट आमच्या गावातून जातं, हे वाक्य इथला प्रत्येक मराठी माणूस डलेस विमानतळावरून पाहुणे घरी आणताना म्हणतो. कुणी मोजलं, ते विचारायचं नसतं. या धंद्याचा एक नियम आहे : लागेल त्याहून एक जास्त ठेवायचं. चार जनरेटर पुरत असतील तर पाच बसवायचे. शास्त्रींनी हा नियम घरी आणला. त्यामुळे त्यांच्याकडे शिट्ट्या दोन, टॉर्च तीन आणि निवडीसाठी हेल्मेटं सहा आली. वहिनींनी दारातले खोके पाहून विचारलं, "डोकी किती आहेत तुला?"

एका रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा डायनिंग टेबलावर सहाही हेल्मेटं ओळीने मांडलेली, जणू पंगत बसलीय. मध्ये काटा. बाजूला वहिनींचे पोहे भिजून फुगत होते. शास्त्री एकेक हेल्मेट ठेवत होते आणि आकडा लॅपटॉपवर भरत होते. फ्रेंच बनावटीचं, पेट्झलचं सिरोको १७० ग्रॅमच्या आसपास. जाड प्लॅस्टिकच्या कवचाचं एक ३०० च्या पुढे गेलं, तेव्हा त्यांनी ते पंगतीतून उठवलं. "हे पाहुण्यांसाठी," म्हणाले. पाहुणा मीच होतो, हे मला पुढे कळलं.

हलकी हेल्मेटं हलकी का असतात हे त्यांनी मला पोहे खाता खाता समजावलं. जुन्या पद्धतीत बाहेर कडक कवच आणि आत पट्ट्यांची जाळी. नव्यात जवळजवळ सगळा फोमच. त्यातही दोन जाती. एक म्हणजे आपलं थर्माकोल. एकेकाळी ज्याची गणपतीची मखरं व्हायची आणि ज्यावर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तेच. मार बसला की ते चिरडतं आणि स्वतः मरून डोकं वाचवतं. दुसरा फोम लवचीक, दबून पुन्हा वर येणारा. "म्हणजे एक हुतात्मा आणि एक सरकारी नोकर," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मग मानकं. गिर्यारोहणाच्या हेल्मेटावर पाच किलोचं वजन दोन मीटरवरून टाकतात. युरोपीय मानक म्हणतं की खालच्या डोक्यापर्यंत दहा किलोन्यूटनहून जास्त जोर पोचता कामा नये. गिर्यारोहकांची आंतरराष्ट्रीय संघटना आणखी कडक, तिची मर्यादा आठ. शास्त्रींच्या डोळ्यांत चमक आली आणि ते कणकेच्या पिशवीकडे बघायला लागले. वीस पौंडी होती. अर्धी काढली की साधारण पाच किलो उरणार, आणि डेकवरून खालच्या अंगणात... वहिनींनी पिशवी उचलून कोठीच्या खोलीत नेली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तो प्रयोग कायमचा राहिला.

त्यांना सर्वांत प्रिय होता तो हनुवटीचा पट्टा. बांधकामावरच्या टोपीचा पट्टा, युरोपीय मानकाप्रमाणे, पंधरा ते पंचवीस किलोच्या ओढीला सुटलाच पाहिजे. नाहीतर टोपी कुठे अडकली तर माणूस गळ्याने लटकेल. गिर्यारोहकाच्या हेल्मेटाचा पट्टा उलट पन्नास किलोच्या ओढीलाही सुटता कामा नये, कारण पडताना टोपी उडाली तर ती घालून उपयोग काय? एकच पट्टा, धर्म दोन. यावर ते इतके रंगून बोलले की मला एखाद्या कीर्तनाच्या पूर्वरंगात बसल्यासारखं वाटलं. बुक्का लावायचाच काय तो राहिला.

पण खरी परीक्षा डोक्यावर. डोकं ही वस्तू गोल नसते. कुणाचं मागेपुढे लांबट, कुणाचं कानावर रुंद. शिंप्याच्या टेपने घेर सारखा भरला तरी हेल्मेट एकाला बसतं आणि दुसऱ्याच्या कपाळात रुततं. शास्त्रींचा घेर ५६ सेंटिमीटर. तो आवडत्या हेल्मेटाच्या लहान मापातही बसत होता आणि मोठ्यातही. दुसऱ्या कुणाला हे सोयीचं वाटलं असतं. ते दोन रात्री झोपले नाहीत.

त्यांची पद्धत सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं, मागे कललेलं नाही. मागची चकती आवळायची आणि पट्टा न लावता मान नंदीबैलासारखी हलवायची, आधी हो, मग नाही. शेवटी खाली वाकायचं. पडलं तर नापास. मग पट्टा, त्याची दोन टोकं कानाखाली इंग्रजी वायसारखी जुळली पाहिजेत आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं. पाठीवर सॅक चढवून वर बघायचं. हेल्मेटाची मागची कड सॅकला टेकून पुढची डोळ्यांवर आली, तर पुढचा होल्ड दिसणार कसा? हे सगळं दुकानात दोन मिनिटांत होतं. खरा त्रास चाळीस मिनिटांनी सुरू होतो, कपाळावर एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत. म्हणून शास्त्री प्रत्येक हेल्मेट घालून ऑफिसचा एकेक अख्खा कॉल बसले. एका कॉलमध्ये मॅनेजरने कॅमेरा लावायला सांगितला. सर्व्हर रूममध्ये काही पडलंय का, असं त्याने घाबरून विचारलं म्हणतात.

याच सुमारास नाशिकहून त्यांच्या मातोश्री सहा महिन्यांसाठी आलेल्या. काकूंचा अंबाडा म्हणजे शास्त्रींना आयतीच प्रयोगशाळा. सहापैकी पाच हेल्मेटं अंबाड्यावर आपटून पुढे नाकावर आली. सहावं बसलं, पण काकूंनी ते काढून टेबलावर ठेवलं.

"अरे, यापेक्षा चुंबळ बरी. माहेरी विहिरीवरून दोन-दोन घागरी आणल्यात मी. कधी कपाळ दुखलं नाही."

आणि त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल वळवून, टोक आत खोचून अर्ध्या मिनिटात चुंबळ करून दाखवली. डोक्यावर ठेवली, वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि हात सोडून बेसमेंटच्या जिन्यापर्यंत जाऊन आल्या. शास्त्री बघत राहिले. भार टाळूवर नाही, सगळा कडेने वाटलेला, मधे हवा खेळती. लाखो रुपये पगार घेणारे फ्रेंच इंजिनियर जे करू बघतात ते आईने लुगड्यात केलं होतं. त्यांनी चुंबळ काट्यावर ठेवली आणि तक्त्यात सातवी ओळ भरली : वजन ६४ ग्रॅम. माप सर्वांना. आराम उत्तम. हनुवटीचा पट्टा नाही.

अखेर ऑक्टोबरात आम्ही ग्रेट फॉल्सला गेलो. अ‍ॅशबर्नहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, गाडीमागे वीस डॉलर, आणि आत पोटोमॅक नदी खडकांतून अशी फुटत येते की बोलणं ऐकू येत नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कंपनीने १७८५ साली हा धबधबा टाळून होड्या न्यायला कालवा खणायला घेतला, त्याचे अवशेष तिथे आहेत; शास्त्रींनी दहा मिनिटं तिकडेही घालवली. सोबत पुण्यात तयार झालेला एक मित्र होता, ड्यूक्स नोज, तेलबैला वगैरे केलेला. त्याने कड्यावरच्या झाडांना अँकर लावले. त्याच्या हेल्मेटावर इतके ओरखडे होते की मूळ रंग सांगता येत नव्हता. वजन किती, असं शास्त्रींनी विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही. दुखत नाही."

जिममध्ये परीक्षा दिलेली असल्यामुळे बिले माझ्याकडे. म्हणजे मी खाली, दोर धरून. वाटलं, आपल्याला काय करायचंय हेल्मेट, आपण तर जमिनीवर. शास्त्रींनी पाहुण्यांसाठीचं ते नापास झालेलं माझ्या डोक्यावर चढवलं, चकती आवळली, हनुवटीखाली स्वतःचं बोट घालून पाहिलं. "दगड चढणाऱ्यावर पडत नाही, खालच्यावर पडतो. आणि ओरडा ऐकलास तर वर बघू नकोस."

ते चढले, आणि चांगले चढले, हे कबूल केलं पाहिजे. अभ्रकाने चमकणाऱ्या त्या गुळगुळीत खडकावर पोट आत घेऊन हळूहळू वर सरकत राहिले. शेवटच्या टप्प्यावर पाय सरकला आणि वरून आवाज आला, "दगड!" इथे "रॉक" ओरडायची पद्धत आहे. शेजारच्या दोरावरचे अमेरिकन कुतूहलाने वर बघायला लागले. त्या दरीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. पुणेकर मित्र खडकाला चिकटला, मी मान खाली घातली. टाळूवर खाट्‌कन आवाज झाला. बस्स, आवाजच.

शास्त्री खाली उतरल्या उतरल्या माझ्याकडे आले, हेल्मेट माझ्या डोक्यावरून काढून घेतलं, उन्हात धरून तडा गेलाय का ते पाहिलं. नव्हता. मग मला पाहिलं. मग झुडपांत वाकून पंधरा मिनिटं काहीतरी शोधत राहिले आणि पेढ्याएवढा एक खडा खिशात घालून परत आले.

रात्री साडेनऊला त्यांच्याकडून फोटो आला. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर तो खडा. ४२ ग्रॅम.