भाव कुणाला सांगायचा?

पुण्यात जुना फ्लॅट विकायला काढला की सर्वात आधी त्याचं क्षेत्रफळ वाढतं. करारनाम्यात कार्पेट ५४० चौरस फूट. बोलण्यात त्याला जिना, लॉबी, गच्चीचा वाटा चिकटत जातो आणि साडेसातशे होतात. रेराने २०१७पासून बिल्डरांना कार्पेटवर आणलं, मालकाच्या जिभेला तो कायदा लागू नाही.

मग भाव. शेजारच्या सोसायटीत म्हणे कुणाचा तरी दीड कोटीला गेला. हा कुणीतरी कधीच भेटत नाही. नोंदलेल्या व्यवहाराचा इंडेक्स टू काढून बघता येतो, पण बघितला तर झोप उडेल. त्यापेक्षा ऐकीव दीड कोटी बरे. त्यात पूर्वेच्या दाराचे, बाल्कनीतून (पावसाळ्यात, मान वाकडी करून) दिसणाऱ्या टेकडीचे पैसे वेगळे. मालकाने स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या कडाप्प्याच्या ओट्याचेही. गिऱ्हाईक तो ओटा फोडायला किती लागतील, एवढंच विचारतं.

रेडी रेकनरचा दर? गिऱ्हाईकाने काढला तर तो ‘सरकारी, त्याला काय अर्थ’. धाकट्या भावाला हिस्सा द्यायची वेळ आली की मात्र तोच प्रमाण. शिवाय, ‘लिफ्ट नाही, पाणी एकवेळ, घेणार कोण रे?’