कर्ता पुरुष घरी बसल्यास : मानक कार्यपद्धती

उद्देश : सुपा किंवा नागापूर एमआयडीसीतून कमी केलेला, चाळिशी ओलांडलेला, क्वालिटी विभागात मुरलेला पुरुष दिवसभर घरात ठेवताना त्याची व भांड्यांची कमीत कमी मोडतोड व्हावी.

व्याप्ती : 2019 साली गाड्यांचा खप आटला. मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखाने बंद ठेवले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या नगरकडच्या शेडांमध्ये आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी, मग माणसे. हा मसुदा तेव्हा सुरू झाला आणि 2020 च्या टाळेबंदीत वाढला. मंदी बदलली तरी माणूस तोच राहिल्याने कलमे बदलावी लागलेली नाहीत.

कलम 1. सही. कंपनीत शेवटच्या दिवशी 'स्वखुशीने राजीनामा' असा टाइप केलेला कागद पुढे येतो. सोबत चहा येतो. साहेब खांद्यावर हात ठेवतात. चहा प्यावा, कागद घरी आणावा. कामगाराला कंपनीने कमी केले तर नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनामा दिला की ती गेली. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षे भरली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षे. हे सूत्र समजावताना आमच्या यांनी आपला मूळ पगार नेमका किती, ते मला पहिल्यांदा सांगितलं. एवढ्यासाठी नोकरी जावी लागली.

कलम 2. ईएसआयचे कार्ड रागाने फेकू नये. ऑक्टोबर ते मार्चमध्ये 78 दिवस भरले असतील तर पुढच्या जुलै ते डिसेंबरात दवाखाना मिळतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवस, सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळू शकते. योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत विचारून यावे. पाठवताना "तुम्हीच जा, मला त्यातलं काय कळतं" असे म्हणावे. माणूस ताठ होऊन जातो.

कलम 3. स्वयंपाकघर. हा या दस्तऐवजाचा गाभा. क्वालिटीतला माणूस रिकामा बसत नाही, तो ऑडिट करतो. पहिल्याच आठवड्यात डब्यांना लेबले लागली. 'मोहरी' असे लिहिलेल्या डब्यात मोहरीच आहे की नाही याची पडताळणी झाली. गॅसच्या टाकीवर तारीख पडली. उचटणे, सांडशी आणि पळी यांच्या जागा भिंतीवर खडूने आखल्या गेल्या, आणि पळी सांडशीच्या चौकटीत टांगली म्हणून मला समज मिळाली. एके दुपारी यांनी व्हर्नियर काढला आणि भाकरी मोजली. कडेला तीन मिलिमीटर, मध्ये पाच. टॉलरन्सच्या बाहेर, असा शेरा मिळाला. फुगलेली भाकरी टॉलरन्समध्येच असते, हे मी नोंदवून ठेवले आहे.

उपाय : माणसाला नाकारण्याची संधी असलेले काम द्यावे. ज्वारी निवडायला देणे उत्तम. यांनी निवडलेल्या ज्वारीत खडा सोडाच, वाकडा दाणा सापडला नाही. निम्मी ज्वारी मात्र कोंबड्यांना गेली. त्यानंतर मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारच्या वहिनींचे शिलाई मशीन अशी बढती द्यावी. शिलाई मशीनचे पैसे यांनी घेतले नाहीत. यावर भांडू नये. मी भांडले.

पहिल्या पाळीची कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, तेव्हा हे गॅलरीत असतात. त्या वेळी चहा द्यावा आणि आत यावे.

कलम 4. मुले. क्लासची फी बापासमोर मागू नये. खुणा ठरवाव्यात.

कलम 5. पाहुणे. ते चहाच्या वेळी येतात. प्रत्येकाकडे एक धंदा असतो : पुणे रोडला हॉटेल टाका, रसवंती टाका, दोन म्हशी घ्या. म्हशी घ्या म्हणणाऱ्याच्या घरी पिशवीचे दूध येते. "भांडवल तुमचं ना?" असे हसून विचारावे, कप खाली ठेवला जातो. पतसंस्थेचे कर्ज काढायला सुचवणारा पाहुणा मागे कुणाला तरी जामीन राहिलेला असतो आणि त्याला सोबत हवी असते. आपले आधीचे कर्ज कंपनीच्या कामगार सोसायटीचे असेल, तर हिशेब चुकता होताना ते कापून घेतले जाते. हातात किती पडणार ते आधीच कागदावर मांडावे.

कलम 6. बहात्तर. 1972 साली नगर जिल्ह्यात दुष्काळ पडला होता, त्याच साली नगरच्या कारखान्यातून लुना निघाली आणि त्याच साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. सासूबाई यांपैकी फक्त दुष्काळ मानतात. त्यांनी पारनेरकडे पाझर तलावावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, तांबडी मिलो खाल्ली. त्यामुळे यांची नोकरी जाणे हे त्यांच्या हिशेबात संकट म्हणून बसतच नाही. एकदा यांनी जुनी पगाराची स्लिप काढून त्रागा केला. व्यवसाय कर दरमहा 200, फेब्रुवारीत 300. आणि हा कर 1975 साली लावला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला, म्हणजे आपण इतकी वर्षे दुसऱ्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून भरत आलो! सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "मग जा की. पैसं भरल्यात नव्हं? पाटी-फावडं मी देते."

कलम 7. मुलाखत. रांजणगावच्या कंपनीने बोलावले तर शर्ट इस्त्रीचा, चप्पल नाही. "आधीची नोकरी का सोडली?" या प्रश्नाला मंदीचे नाव एका वाक्यात सांगून गप्प बसावे. यांनी मात्र तिथेच त्या कंपनीच्या फाइव्ह एसमधल्या, म्हणजे नीटनेटकेपणाच्या नियमांतल्या, चुका दाखवल्या. पगाराचे बोलणे हा वेगळाच भाग. चितळे रोडला मेथीच्या जुडीवरून अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस, आकडा ऐकल्यावर "चालेल" म्हणून आला. पुढच्या वेळी सासूबाईंना बरोबर पाठवायचे घाटत आहे.